मेन्झीला घरी आणताना

आमच्याकडे माणूस घराबाहेर मेला की त्याला दोनदा आणावं लागतं. एकदा देह आणायचा. तो शवागाराची गाडीसुद्धा आणते. दुसऱ्यांदा त्याला स्वतःला आणायचं, आणि ते काम घरच्याच माणसाचं. रानबोराची हिरवी फांदी घ्यायची, जिथे जीव गेला तिथे जायचं, फांदी जमिनीला टेकवायची, नाव घेऊन हाक मारायची आणि सांगायचं, चल, घरी जायचंय. मग घरी पोचेपर्यंत फक्त त्याच्याशीच बोलायचं. पूल आला तर पूल आला म्हणून सांगायचं, वळण आलं तर वळण. दुसऱ्या कुणाशी एक शब्द बोललात तर तो बिचकतो आणि वाटेतच राहतो. आणि त्याच्याशी खोटं बोललात तर तो मुळात उठतच नाही. हे शेवटचं मला आजीने सांगितलं होतं. मी ते सोयीस्करपणे विसरलो.

मी भेकी गुमेडे. या तळ्याकाठच्या अभयारण्यात सव्वीस वर्षं गाइड होतो. आमचं तळं समुद्राला लागून आहे. एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला गवत आणि दलदल, आणि मध्ये पाणघोडे. लोक विमानं बदलत बदलत हे बघायला येतात आणि पाच दिवसांनी टोमॅटोसारखे लाल होऊन परत जातात. मी त्यांना उघड्या जीपमधून फिरवायचो आणि बोलायचो. बोलणं हाच माझा धंदा. माम्बाथा, म्हणजे माझी बायको, म्हणायची, "या माणसाला पाण्यात बुडवला तरी बुडबुडे गप्पा मारतील."

तळ्याच्या रस्त्यावर बाराव्या किलोमीटरच्या दगडापाशी डावीकडे उंबरांची राई आहे. तिच्या मागे दोनशे पावलांवर गोड्या पाण्याचं एक डबकं. ते मी पंधरा वर्षांपूर्वी शोधलं. अभयारण्याचा नियम असा की लाकडी मचाण सोडून कुठेही गाडीतून पाय खाली टाकायचा नाही. पण मचाणावरून पाणघोडे दिसतात ते लांबून, पाण्यात पडलेल्या धोंड्यांसारखे. माझ्या डबक्यावर ते पंधरा पावलांवर असत. नाकपुड्यांतून उडालेलं पाणी तोंडावर येई. पाहुणे अक्षरशः रडत. परतताना माझा हात हातात घेऊन दाबत, आणि त्या हातात काहीतरी राहून जाई. घरी जाऊन मित्रांना सांगत, गेलात तर म्हाताऱ्या गुमेडेलाच मागा. मी काही तेव्हा म्हातारा नव्हतो, पण ऐकायला बरं वाटायचं.

मेन्झी माझा एकुलता एक. चोवीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला माझ्या सफारी कंपनीत चिकटवला. गाइडच्या परीक्षेत पहिला आला होता. पक्ष्यांबद्दल असा बोलायचा जसं आपण शेजाऱ्यांबद्दल बोलतो, कोण कुणाच्या घरात घुसलंय, कुणाचं कुणाशी जमत नाही. पहिल्याच महिन्यात मी त्याला डबकं दाखवलं. वारा कसा बघायचा, चिखलातलं पाऊल ताजं की शिळं, पाणघोडा आणि पाणी यांच्या मधे कधी उभं राहायचं नाही, सगळं शिकवलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही?"

"इथे उतरायला मनाई आहे. आणि डबक्यातल्या त्या मादीला दर दोन-तीन वर्षांनी पिल्लू होतं."

"मनाई करणारे ऑफिसात पंख्याखाली बसतात. या मादीला मी तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून ओळखतो."

"ती तुम्हाला ओळखते का?"

मला राग आला. पोरगं शहाणं निघावं म्हणून आपण शिकवतो, आणि ते शहाणपण पहिलं आपल्यावरच चालवतं. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं उरलं.

आमच्या घरात एक जुनी खोड होती. माझं आणि माम्बाथाचं बिनसलं की आम्ही मेन्झीमार्फत बोलायचो. तो तीन वर्षांचा होता तेव्हापासून. "मेन्झी, तुझ्या बाबांना सांग, फुटू थंड होतंय." "मेन्झी, तुझ्या आईला सांग, मला भूक नाही." तिघंही एकाच चटईवर, मधे मक्याच्या फुटूचं एकच भांडं. तो एकदा इकडे मान वळवायचा, एकदा तिकडे, आणि निरोप इमानाने पोचवायचा. सहा वर्षांचा असताना एकदा मधेच उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मी दमलो. आता तुमचं तुम्ही बोला." आम्ही इतके हसलो की भांडण कशावरून होतं तेच विसरलो.

यंदा मार्चमध्ये माझा गुडघा सुजला. पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता, तळं भरून वाहत होतं. माझं नाव सांगून आलेले चार पाहुणे कंपनीने मेन्झीला दिले. सकाळी नऊला त्याचा फोन आला. मी अंगणात गुडघा शेकत बसलो होतो. माम्बाथा दारात लव्हाळ्याची चटई विणत होती.

"बाबा, हे लोक डबक्यावर चला म्हणतायत. मित्रांनी सांगितलंय म्हणे. मचाण नको म्हणतात."

"मग ने."

"पाणी वाढलंय. गवत माझ्या डोक्यावर गेलंय, पलीकडचं काही दिसत नाही."

"पंधरा वर्षांत मला काय झालं?" मी म्हणालो. "ने त्यांना. माझ्या नावाला बट्टा लावू नकोस."

तो म्हणाला, "बरं. गुडघा कसा आहे?"

किती महिन्यांनी त्याने माझी चौकशी केली होती, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही. "ते सोड, पाहुण्यांचं बघ," म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

पुढचं मला पाहुण्यांतल्या एका बाईने दुसऱ्या दिवशी शवागाराबाहेर सांगितलं. मादी पाण्यात नव्हतीच. पिल्लाला घेऊन गवतात उभी होती, वाटेच्या अगदी कडेला. ती निघाली तेव्हा मेन्झीने चौघांना जीपकडे पळायला सांगितलं आणि स्वतः वाटेत उभा राहून टाळ्या वाजवत ओरडत राहिला, म्हणजे तिने त्याच्याकडेच बघावं. उंबराखाली सगळं संपलं. त्यांनीच त्याला उचलून जीपमध्ये घातलं आणि तीन किलोमीटरवरच्या मचाणापर्यंत आणलं, कारण तिथे इतर गाड्या होत्या. अभयारण्याच्या अधिकाऱ्याने विचारलं, कुठे झालं? बिचारे घाबरले होते. नियम मोडला म्हणून आपल्यालाच धरतील असं त्यांना वाटलं. म्हणाले, इथेच, मचाणापाशी.

"मी आता जाऊन खरं सांगू का?" ती बाई रडत विचारत होती.

मी म्हणालो, "जे सांगितलंत तेच राहू द्या."

शवागाराच्या माणसाने मला कपड्यांची पिशवी दिली. त्यात मेन्झीचे बूट होते. मचाणापाशी सगळी पांढरी वाळू आहे, तिथे चिखल औषधालाही सापडणार नाही. बुटांवर काळाकुट्ट चिखल होता आणि त्यात उंबराचं एक चिरडलेलं फळ. मागच्या नळावर जाऊन मी ते बूट धुतले. तळव्यांच्या खाचांत काडी घालून घालून धुतले. मग ती पिशवी माम्बाथाकडे दिली.

दफन शनिवारी होतं. गुरुवारी मी रानबोराची फांदी घेऊन त्याला आणायला गेलो. मचाणावर. आत कुठेतरी मला माहीत होतं, पण माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवू शकतो. मी म्हटलं, मेलेल्यालाही पाय असतात. बापाची हाक ऐकली की तीन किलोमीटर येईल चालत. डबक्यावर गेलो असतो तर कुणीतरी पाहिलं असतं, कुणीतरी विचारलं असतं, आणि ते माम्बाथाच्या कानावर गेलं असतं. म्हणून मी पांढऱ्या वाळूत फांदी टेकवली आणि हाक मारली. "मेन्झी, तू इथे गेलास, चल घरी."

परत येताना मिनीबस टॅक्सीत दोन जागांचं भाडं भरलं, एक माझं, एक त्याचं. फांदी शेजारच्या जागेवर ठेवली. पुढच्या थांब्यावर एक जाडजूड बाई पिठाचं पोतं घेऊन चढली.

"ओ भाऊ, तो झाडपाला उचला की. मला बसायचंय."

मी फांदीवर हात ठेवला.

"बहिरे आहात का? झाडांना कधीपासून जागा लागायला लागल्या? उद्या भोपळा पण तिकीट काढून बसेल!"

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, जरा डोळे उघडून बघा. ते गृहस्थ आपलं माणूस घेऊन चाललेत."

बाईचा चेहरा पडला. तिने पोतं खाली ठेवलं, दोन्ही हात जुळवले आणि त्या जागेकडे बघून म्हणाली, "माफ कर रे बाळा." आणि उरलेले चाळीस किलोमीटर उभी राहिली. टॅक्सीतलं गाणं बंद झालं, पोरं चूप बसली. मी फांदीशी बोलत होतो. आणि काय बोलत होतो? गाइडचंच. डावीकडे बघ, उसाचे मळे. उजवीकडे नदी. दुसरं मला काही येतच नव्हतं. अख्ख्या टॅक्सीने एका रिकाम्या जागेला मान दिला, आणि ती जागा रिकामी आहे हे माहीत असलेला एकटा मी होतो.

त्याला पुरलं. बैल कापला, लोक जेवले, गेले.

तिसऱ्या आठवड्यात माम्बाथाला स्वप्न पडलं. मग पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा पडलं तेव्हा ती सकाळी चुलीपाशी आली आणि माझ्यासमोर बसली.

"मेन्झीचे बाबा, तुम्ही त्याला कुठून आणलंत?"

"मचाणावरून. सांगितलं ना."

"नीट हाक मारलीत?"

"मारली."

"मग तो पाण्यात का उभा आहे? गुडघाभर पाण्यात, माझ्याकडे पाठ करून. मी हाक मारते तर वळत नाही. आणि तिथे एक झाड आहे, ज्याच्या खोडालाच फळं लागलीयत. मचाणापाशी असं झाड आहे का?"

मी म्हणालो, "स्वप्नातल्या झाडांचं काय घेऊन बसलीस." आणि उठलो. मचाणापाशी झुडूपसुद्धा नाही, हे अभयारण्यातलं पोरसोर सांगेल. उंबर आहे तो एकाच ठिकाणी.

दर मे महिन्यात आमच्या गावच्या बायकांना चटयांसाठी लव्हाळं कापायला अभयारण्यात सोडतात. पंधरा दिवस. ट्रकमधून जायचं, डोकी मोजून आत, डोकी मोजून बाहेर, बरोबर बंदूकवाला पहारेकरी. माम्बाथा विणकरीण, ती गेली नाही असं एकही वर्ष नाही. या वर्षी मी म्हटलं, "भारे उचलायला मीपण येतो." तिने मान हलवली. कोटाच्या आत मी फांदी लपवली होती. माझा बेत असा की बायका कापणीत गुंतल्या की हळूच डबक्यावर जायचं, त्याला उठवायचं, आणि कुणाला कळायच्या आत परत यायचं. वाटेत बोलायचं नाही त्याचं काय? दात दुखतोय म्हणून सांगणार होतो. सव्वीस वर्षं तोंड चालवणाऱ्याला थापेची काय वानवा.

फाटकावर फिन्डी होती. ती मेन्झीबरोबर शाळेत होती. तिने मोजलं, "सोळा बायका आणि एक गुमेडे काका. सतरा." वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

लव्हाळ्याचं रान बाराव्या दगडाच्या अलीकडे, पाण्याच्या काठाने पसरलेलं आहे. विळे चालू झाले, बायकांनी गाणं धरलं. मी दोन भारे ट्रककडे वाहिले आणि तिसऱ्या खेपेला उंबरांच्या दिशेने वळलो. गुडघा ठणकत होता. शंभर पावलं गेलो असेन, मागे गवत वाजलं. माम्बाथा होती. तिच्या हातात विळा तसाच होता. मागे पहारेकरी बंदूक सरसावून, आता या दोघांना काय म्हणावं अशा चेहऱ्याने उभा.

मचाण उजवीकडे होतं, मी डावीकडे चाललो होतो, एवढंच तिला पुरेसं होतं. परत फिरणं शक्य होतं. पण मला तिचं स्वप्न आठवलं, तो पाठमोरा, पाण्यात उभा. मी चालत राहिलो, ती मागून येत राहिली, आणि तिच्यामागे पहारेकरी. डबक्याशी पोचल्यावर तिने उंबराच्या खोडाकडे पाहिलं. खोडाला फळांचे घोस लागले होते.

मादी पाण्यातच होती. पिल्लू तिच्या पाठीला टेकलेलं. दोघांचे डोळे आणि कान तेवढे वर. मी चिखलात कसाबसा गुडघ्यावर बसलो आणि फांदी टेकवली.

"मेन्झी. माझ्या पोरा. बाबा आलेत. मागच्या वेळी मी तुला मचाणावर हाक मारली. तू तिथे नव्हतास, आणि ते मला माहीत होतं. तू इथे गेलास. या झाडाखाली. चल आता. घरी जायचंय."

माम्बाथा माझ्या शेजारी बसली आणि तिनेही फांदीला हात लावला. म्हणजे आता तीही बांधली गेली. घर येईपर्यंत माझ्याशी ती बोलू शकत नव्हती, तिच्याशी मी बोलू शकत नव्हतो. खरं सांगतो, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं.

ट्रक निघाला. आम्ही दोघं भाऱ्यांवर समोरासमोर, फांदी माझ्या मांडीवर. बायकांचं गाणं चालू होतं. मी म्हणालो, "मेन्झी, आपण ट्रकमध्ये बसलोय. आता तळ्याच्या कडेने जातोय."

तेव्हा माम्बाथा फांदीकडे बघत म्हणाली, "मेन्झी, तुझ्या बाबांना विचार, ही जागा त्यांना कशी माहीत."

नियम ती मोडत नव्हती. ती त्याच्याशीच बोलत होती. वीस वर्षं आम्ही असंच तर भांडत आलो होतो. आणि मला गप्प राहता येत नव्हतं, कारण विचारणारा तो होता. आणि खोटंही बोलता येत नव्हतं.

"मेन्झी, तुझ्या आईला सांग, ती माझीच जागा. पंधरा वर्षं मी पाहुण्यांना तिथे उतरवत होतो."

"मेन्झी, त्यांना विचार, तुला ती कुणी दाखवली."

"मेन्झी, मीच दाखवली. तू म्हणालास, हे बरोबर नाही. सांग आईला, तू म्हणाला होतास."

गाणं थांबलं होतं. गोगो खोझा म्हणून एक म्हातारी आहे, जिचं तोंड झोपेतही मिटत नाही. ती आपल्या विळ्याच्या पात्याकडे बघत बसली होती.

"मेन्झी," माम्बाथा म्हणाली, "तू गेलास त्या दिवशी सकाळी अंगणात फोन आला होता. तुझे बाबा म्हणाले, पंधरा वर्षांत मला काय झालं. मला वाटलं कंपनीचा साहेब असेल. विचार त्यांना, कुणाचा होता."

तेवढ्यात पूल आला. मी घाईने म्हणालो, "मेन्झी, पूल आला. खाली पाणी आहे, घाबरू नकोस, आपण ओलांडतोय." पूल लांब आहे. मी तो शक्य तितका लांबवला. खांब सांगितले, पाण्यातल्या मगरी सांगितल्या, खांबावर बसलेला मत्स्यगरुड सांगितला. माम्बाथा थांबली. ट्रक पलीकडे टेकला तेव्हा म्हणाली, "मेन्झी, पूल गेला. आता विचार."

"मेन्झी, तूच होतास," मी म्हणालो. "तू नको म्हणत होतास. गवत उंच आहे म्हणालास. मी म्हणालो, ने त्यांना. माझ्या नावाला बट्टा लावू नकोस, म्हणालो."

ती बराच वेळ फांदीची पानं बोटांनी सारखी करत राहिली. तिच्या बोटात काटा गेला, रक्त आलं, तिने बघितलंही नाही. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मेन्झी, तुझे बूट मी तुझ्याबरोबर शवपेटीत ठेवले. इतके स्वच्छ होते. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या पोराने मरतानासुद्धा बूट मळू दिले नाहीत."

हे मला माहीत नव्हतं. ती दफनाला आलेल्या बायकांना काय सांगत होती ते मी कधी ऐकलंच नव्हतं.

"मेन्झी, सांग तिला," मी म्हणालो, "ते मी धुतले."

तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात विसरणार नाही. मग म्हणाली, "मेन्झी, तुझ्या बाबांना सांग..." आणि थांबली. पुन्हा म्हणाली, "तुझ्या बाबांना सांग..." पुढचं तिला येईना. सगळा ट्रक वाट बघत होता. मी वाट बघत होतो की मधूनच कुणीतरी उठेल आणि म्हणेल, मी दमलो, आता तुमचं तुम्ही बोला. नुसतं ट्रकचं फळकूट खडखडत राहिलं.

फाटकावर फिन्डीने डोकी मोजली. सतरा झाली. मग तिला माझ्या मांडीवरची फांदी दिसली. तिने पेन खाली घेतलं, वर घेतलं, पुन्हा मोजल्यासारखं केलं, आणि फांदीवर नजर ठेवून म्हणाली, "अठरा." तसंच लिहिलं. बाजूला होऊन तिने आडवा बांबू वर केला आणि ट्रक जाईपर्यंत मान खाली घालून उभी राहिली.

घरी आल्यावर फांदी गोल झोपडीत मागच्या भिंतीशी ठेवली, जिथे आमचे पूर्वज बसतात. "मेन्झी, पोचलास," मी म्हणालो. आता आम्ही एकमेकांशी बोलायला मोकळे होतो. माम्बाथा उठली, बाहेर गेली आणि लव्हाळं वाळत घालू लागली.

दुसऱ्या दिवशी कंपनीत जाऊन मी बिल्ला टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यालाही सगळं सांगितलं, मेन्झीची चूक नव्हती हे त्याच्याकडून लिहून घेतलं. त्यावर काय कारवाई व्हायची ती चालू आहे. त्याचं मला काही वाटत नाही. वाटतं ते घरात. माम्बाथा माझ्यासमोर जेवण ठेवायची आणि निघून जायची. रागावून नाही, जसं गोठ्यात पाणी ठेवतात तसं. निरोप न्यायला मधे कुणी नव्हतं. पहिले चार-पाच दिवस मी एकटाच काहीबाही बोलत राहिलो, मग तेही सुटलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी अंगणात बसलो असताना ती आली. बसली नाही. उभ्या उभ्या म्हणाली, "तो आला."

मी वर पाहिलं.

"काल स्वप्नात. माझ्याकडे तोंड करून आला. दाराबाहेर बूट काढले, काळ्या चिखलाने भरलेले. आत येऊन बसला. आंबवलेल्या दुधाचं अमासी मागितलं, दोन वाट्या प्यायला. पहिल्यासारखंच ओठावर पांढरं लागलं होतं."

"काही बोलला?"

तिने पायाशी पडलेली लव्हाळ्याची काडी उचलली.

"तुमचं विचारत होता. म्हणाला, बाबांचा गुडघा कसा आहे?"

त्या फोनवरचं हे वाक्य मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अधिकाऱ्याला नाही, डबक्यावर नाही, ट्रकमध्ये नाही. तेवढं एक मी माझ्यापाशी ठेवलं होतं, कारण तेच सगळ्यात जास्त लागत होतं. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"त्याला काय सांगू?" मी कसंबसं विचारलं.

"ते मला विचारू नका," माम्बाथा म्हणाली. "मी तुमचे निरोप पोचवणार नाही. तुमचं तुम्ही बोला." आणि चटईकडे निघून गेली.

मी झोपडीत गेलो. आत अंधार होता, फांदीची पानं वाळून गळायला लागली होती. तिच्यासमोर बसताना गुडघ्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बरा आहे, असं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाप पोराला असंच सांगतो. पण त्याच्याशी खोटं बोलायचं नसतं.

"दुखतो रे," मी म्हणालो. "अजून दुखतो."